पुण्याच्या मैद्यावर फ्रेंच बॅगेट : माझा अनुभव

बॅगेट म्हणजे लांब, कडक कवचाचा फ्रेंच पाव. अशा पावांसाठी फ्रान्समध्ये १९९३ सालचा एक सरकारी आदेश आहे. 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून विकायचा असेल तर त्यात गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, बस्स. दोन-तीन पिठं किंचित मिसळायची मुभा आहे, पण रसायनं नाहीत आणि मळलेला गोळा कुठल्याही टप्प्यावर गोठवायचा नाही. पुण्यात छोटी बेकरी काढताना हा आदेश मला लागू नव्हताच, तरी मी तो पाळायचं ठरवलं. पुढची सगळी खटपट त्यातून आली.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. मी नोंदणी केली तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये शुल्क. दहापेक्षा कमी माणसं कामाला असल्यामुळे शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागली. वेळ गेला तो ओव्हनसाठी थ्री-फेज वीजजोडणी घेण्यात.

खरी परीक्षा पिठाची. फ्रेंच बेकर या पावासाठी बहुधा टी-६५ पीठ घेतात. हा आकडा पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा, म्हणजे त्यात कोंड्याजवळचा भाग किती राहिला त्याचा. आपला मैदा त्याहून पांढरा, म्हणून चवीला फिका. मी त्यात वस्त्रगाळ केलेली चक्कीची कणीक घालू लागले. पण जात्याच्या घर्षणाने कणकेतला स्टार्च दुखावतो, तो जास्त पाणी पितो आणि गोळा हाताला चिकटतो. शंभरात दहा भाग कणीक, त्यापुढे नाही, इथे माझं गणित स्थिरावलं. किलोभर पिठाला १८ ग्रॅम मीठ आणि ६८० ग्रॅम पाणी. आधी नुसतं पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास ठेवते. रेमों काल्व्हेल या फ्रेंच अभ्यासकाने ही पद्धत रूढ केली. मळणं निम्म्यावर येतं आणि गोळा छान ताणला जातो.

मग उन्हाळा आला. गोळा २४ अंशांच्या आसपास राहिला पाहिजे, आणि एप्रिलमध्ये आमची खोलीच ३२ वर. फ्रेंच बेकर खोली, पीठ आणि पाणी या तिघांच्या तापमानांची बेरीज ठरावीक ठेवतात. माझी बेरीज ६०. खोली ३२ आणि पीठ २८ असेल तर पाणी शून्यावर हवं, म्हणजे सरळ बर्फच. पीठ आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवायला लागल्यापासून काम सोपं झालं.

माझ्याबरोबर काम करणारे उस्ताद आयुष्यभर लादीपाव करत आलेले. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "ताई, चिमूटभर इम्प्रूव्हर टाका, तासाभरात फुगेल. कशाला रात्रभर थांबायचं?" इम्प्रूव्हर म्हणजे गोळा लवकर फुगवणारी तयार रसायनांची भुकटी. त्यांचं चूक नव्हतं, पहाटे शेकड्याने लाद्या द्यायच्या तर वेळ कुठून आणणार? पण सावकाश आंबण्यातच चव तयार होते, आणि मला तीच विकायची होती. रात्रभर फ्रिजच्या थंडीत आंबलेला पाव त्यांनी मोडून खाल्ला, आतली मोठी जाळी बघितली आणि इम्प्रूव्हरचं नाव पुन्हा काढलं नाही. आज आकार देण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. ३५० ग्रॅमचा गोळा लांबवून ते मांजरपाटाच्या चुण्यांमध्ये ठेवतात (फ्रान्समध्ये यासाठी लिननचं कापड असतं) आणि दाढीच्या ब्लेडने तिरक्या चिरा देतात. भाजून साधारण २५० ग्रॅमचा बॅगेट उतरतो.

ओव्हन घेताना पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. दगडी तळ आणि वाफेची सोय सोडू नका. २४५ अंशांना पाव आत गेला की पहिली काही मिनिटं वाफ हवीच. तिने वरचा थर ओला, मऊ राहतो, त्यामुळे पाव पूर्ण फुलतो, चिरा उघडतात आणि मग चकाकणारं खरपूस कवच धरतं. वाफेविना कवच आधीच आवळतं आणि पाव कुठूनही फाटतो.

गिऱ्हाईक मिळवणं मात्र हळूहळू झालं. "कडक आहे, शिळा आहे का?" हा प्रश्न रोजचा. पहिल्यांदा समजून घेतलं ते गोव्याच्या मंडळींनी. पोदेराचा, म्हणजे तिथल्या पाववाल्याचा, कडक गोल उंडो खात वाढलेल्या माणसाला कवच म्हणजे ताजेपणा हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना मी गरम पावाचा तुकडा हातात देते, सोबत लोणी. पावसाळ्यात कवच दोन तासांत सादळतं, म्हणून तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी दोनदा थोडं थोडं भाजते, आणि कागदी पिशवीतच देते.

सध्या खपली गव्हाचं पीठ घेऊन बसले आहे. त्याचं ग्लुटेन, म्हणजे गोळ्याला ताण देणारं प्रथिन, कमकुवत, बॅगेटची लांबी त्याला पेलत नाही. पण आंबवणावरच्या गोल पावात पाचवा हिस्सा खपली सुरेख लागते. तो पाव शनिवारी असतो, सकाळी लवकर आलात तर मिळेल.