अंकाक्षर ०.२.२ : विंडोजवरचा ‘हजार’ अखेर ‘हजार’च

अंकाक्षर ही आकडे मराठी शब्दांत लिहिणारी पायथन लायब्ररी. तिची ०.२.२ आवृत्ती पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) चढली. विंडोजवर कोऱ्या व्हेनवमध्ये (पायथनच्या वेगळ्या, स्वतंत्र जागेत) पिपने (पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) बसवून १२३४५६७ दिला, तर ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट’ असं अख्खं, स्वच्छ उत्तर आलं. ०.२.० आणि ०.२.१ दोन्ही यँक केल्या आहेत, म्हणजे ‘वापरू नका’ अशी खूण करून मागे घेतल्या आहेत. रिक्वायरमेंट्स फाइलीत (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) यांपैकी एखादी ‘==’ लावून बांधली असेल तर आधी ती ओळ बदला. यँक केलेली आवृत्ती पिप आपणहून निवडत नाही, पण नेमकी तीच मागितली तर फक्त इशारा छापून बसवून देतो.

आता त्या दोन आवृत्त्यांचं काय झालं ते सविस्तर, कारण देवनागरी मजकूर पॅकेजात घालणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हा खड्डा आहे.

शब्दांचे तक्ते ०.१पासून टीएसव्हीतच (टॅबने रकाने पाडलेल्या मजकूर-फाइलींत) आहेत. आकडे.टीएसव्हीत ० ते ९९चे शंभर शब्द (शीर्षकाची ओळ नाही, आकडा-टॅब-शब्द एवढंच), आणि एकके.टीएसव्हीत शे, हजार, लाख, कोटी. ०.१मध्ये ते वाचायला इम्पोर्टलिब.रिसोर्सेसमधलं जुनं रीड_टेक्स्ट वापरलं होतं. पायथन ३.११ने त्यावर ‘हे आता वापरू नका’ असा इशारा द्यायला सुरुवात केली, म्हणून ०.२मध्ये फाइल्स() घेऊन त्यावर .रीड_टेक्स्ट() लावलं. नाव तेच, काम तेच. फरक एकच, आणि तो दिसत नाही: जुन्या फंक्शनचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) न सांगता यूटीएफ-८ असतं, तर नव्या वाटेने हाती येतो तो साधा पाथ, आणि त्याचं रीड_टेक्स्ट एन्कोडिंग सांगितलं नाही तर यंत्राच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) जातं. भारतातल्या बहुतेक इंग्रजी विंडोजवर ते म्हणजे सीपी१२५२, पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग, त्यात देवनागरी नाही. (३.१३मध्ये जुन्या फंक्शनवरचा तो शिक्का काढूनही टाकला. म्हणजे ही हलवाहलव मुळात गरजेची नव्हती.)

०.२.० विंडोजवर पहिल्याच हाकेला कोसळली: ‘चारमॅप’ला (सीपी१२५२ वाचणाऱ्या भागाला) बाइट ८डी (षोडशमान अंकांत) वाचता येत नाही, स्थान १३. हे स्थान बोटांवर मोजून पाहण्यासारखं आहे. पहिली ओळ ‘०, टॅब, शून्य’. फाइलीत आकडे रोमन आहेत, म्हणून आकडा आणि टॅब मिळून दोन बाइट, स्थान ० आणि १. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं: श २ ते ४, ू ५ ते ७, न ८ ते १०, आणि हलन्त ११ ते १३. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी. सीपी१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत (तिथे एकही अक्षर नेमलेलं नाही), ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी, त्यातली ही एक.

उपाय सरळ वाटला. आकडे वाचणाऱ्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलं, सीआयमध्ये (दर बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) विंडोजचा जॉब जोडला, ० ते ९९ची चाचणी हिरवी झाली, ०.२.१ प्रसिद्ध झाली. आणि मग १२००० दिल्यावर उत्तर आलं: ‘बारा’, आणि पुढे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह, परत तोच ए, परत तेच चिन्ह. ४ कोटी दिले तर अक्षरी रकमेत चक्क जपानी येनची खूण. पावती-चेकसाठी लिहिलेल्या लायब्ररीत याहून वाईट चूक नाही. कोसळणारा प्रोग्राम निदान पावती छापत तरी नाही.

एकके.टीएसव्ही वाचणारा लोडर वेगळ्या मॉड्यूलमध्ये होता आणि तिथे एन्कोडिंग लिहायचं राहिलं होतं. पण मग ती फाइल वाचताना त्रुटी का आली नाही? सगळी मेख इथे आहे. सीपी१२५२च्या त्या पाच रिकाम्या जागांवर देवनागरीतली मोजकीच नेहमीची चिन्हं पडतात: हलन्त, ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ, ऍ, झ आणि ॐ. ज्या फाइलीत यांतलं एकही नाही ती विनातक्रार वाचली जाते, फक्त चुकीची. शे, हजार, लाख, कोटी यांत यांपैकी काहीच नाही. अब्ज त्या तक्त्यात असता तर ब्ज-मधल्या हलन्ताने लगेच बोंब ठोकली असती. आकड्यांतही दोनपासून दहापर्यंतचा एकही शब्द अडत नाही. शून्य आणि एक अडतात. आठची तर आणखी एक गंमत: ठ-चा शेवटचा बाइट ए० हा सीपी१२५२मध्ये न तुटणारी मोकळी जागा आहे, त्यामुळे ओळीवर स्ट्रिप() चालवलं की शब्दाचं शेपूटच गळतं आणि उलट एन्कोड करूनही मूळ शब्द परत मिळत नाही. तेव्हा ‘माझ्या फाइलीला विंडोजवर त्रुटी येत नाही’ हा काहीच पुरावा नव्हे.

लिनक्सवर हे सापडणं जवळजवळ अशक्य होतं. तिथे लोकेल यूटीएफ-८ असतं, आणि डॉकरच्या बारक्या इमेजमध्ये लोकेल नुसतं ‘सी’ असलं तरी पायथन ३.७पासून यूटीएफ-८च धरतं. विंडोजवर कोणी पायथनयूटीएफ८ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवला असेल तर त्याच्याकडेही सगळं आलबेल. पेप ६८६ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावानुसार ३.१५पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरलं आहे, पण ३.१० ते ३.१४वर चालणारी लायब्ररी त्या भरवशावर सोडता येत नाही.

०.२.२मध्ये लोडर एकच ठेवला आहे. फाइलीचं नाव घेतो, एन्कोडिंग त्याच्या आतच पक्कं. त्याहून मोलाचा बदल चाचण्यांत आहे. पायथन ३.१०पासून ‘-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग’ हा पर्याय मिळतो. एन्कोडिंग न सांगता मजकूर-फाइल उघडली की एन्कोडिंगवॉर्निंग येते. पायटेस्ट या चाचणी-साधनाच्या फिल्टरवॉर्निंग्जमध्ये तिला एरर ठरवलं की लिनक्सवरच चाचणी लाल होते, विंडोजचं यंत्र लागत नाही. ०.२.१वर हे चालवून पाहिलं: पहिल्याच फेरीत एककांच्या लोडरवर बोट ठेवलं. हा पर्याय प्रत्येक मराठी पॅकेजच्या सीआयमध्ये असायलाच हवा.

याच झटापटीत दुसरी चूक हाती लागली. कमांड-लाइनवरून उत्तर पडद्यावर नीट दिसतं, पण ‘>’ लावून फाइलीत वळवलं की विंडोजवर युनिकोडएन्कोडएरर. कारण कन्सोलवर लिहिताना पायथन ३.६पासून यूटीएफ-८ वापरतं, वळवलेल्या आउटपुटला मात्र पुन्हा लोकेल. मेन()च्या सुरुवातीला एसटीडीआउट (प्रोग्रामचं नेहमीचं आउटपुट) रीकॉन्फिगरने यूटीएफ-८ करून ते मिटवलं. हे फक्त कमांडमध्येच करा. लायब्ररी इम्पोर्ट केल्याबरोबर वापरणाऱ्याचं एसटीडीआउट बदलणं योग्य नाही.

चढवण्याबद्दल थोडं. पायपीआयवर एकदा गेलेलं फाइलनाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल पुसली तरी नाही. त्यामुळे ‘तीच आवृत्ती गुपचूप दुरुस्त’ हा मार्ग बंद आहे. ०.२.०.पोस्ट१ असंही करू नका, पोस्ट-आवृत्त्या कोडच्या दुरुस्तीसाठी नसतात. आधी टेस्टपायपीआयवर चढवा (पायपीआयची सरावाची प्रत, खातं वेगळं काढावं लागतं), तिथून ‘--नो-डेप्स’ (सोबत लागणारी इतर पॅकेजं बसवू नको) लावून बसवा, आणि चाचणी रेपोच्या बाहेरच्या फोल्डरमधून चालवा. आत उभं राहून चालवली तर पायथन बसवलेली प्रत सोडून शेजारचं फोल्डर उचलतं. अंकाक्षर म्हणूनच एसआरसी मांडणीत (कोड ‘एसआरसी’ या आतल्या फोल्डरमध्ये) आहे. आणि बिल्ड झाल्यावर व्हील (बसवायला तयार पॅकेज-फाइल) उघडून बघा, ती शेवटी झिपच. सेटअपटूल्स या बिल्ड-साधनात पॅकेज-डेटात ‘*.टीएसव्ही’ लिहायचं राहिलं तर तक्ते व्हीलमध्ये येतच नाहीत. हॅचलिंग हे दुसरं बिल्ड-साधन पॅकेजच्या फोल्डरमधलं सगळं आपणहून घेतं, एवढ्या लहान कामाला तेच बरं.

हे लिहिता लिहिता ०.३चा बेत बदलतोय. पायथनची सोर्स फाइल पायथन ३मध्ये, तिच्यातच दुसरं एन्कोडिंग लिहिलं नसेल तर, यूटीएफ-८ धरली जाते, लोकेल काहीही असो. मग टीएसव्ही फक्त शब्द सुधारणाऱ्यांसाठी ठेवून त्यातून एक .पीवाय मॉड्यूल तयार केलं, तर बसवलेल्या पॅकेजात फाइल वाचणंच उरत नाही. एन्कोडिंगचा आणि पॅकेज-डेटाचा, दोन्ही प्रश्न एकदम गेले. अडचण एकच: तयार केलेली फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) टाकली तर हॅचलिंग ती व्हीलमधूनही वगळतं. हॅचलिंगच्या आर्टिफॅक्ट्स सेटिंगमध्ये तिचं नाव देता येतं, पण ती सरळ गिटमध्ये ठेवणं आणि सीआयमध्ये ‘टीएसव्हीतून पुन्हा बनवली तर फरक शून्य’ एवढं तपासणं जास्त भरवशाचं वाटतं. तेच करायचं.

टीएसव्हीत दुरुस्त्या पाठवणाऱ्यांसाठी एक नियमही त्याच तपासणीत जाईल. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव या तिघांतला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ-ला हलन्त, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक. दिसायला एकसारखे, तुलनेला वेगळे, आणि एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) करूनही एक होत नाहीत. तक्त्यात पहिलीच तऱ्हा चालेल. जोडक, म्हणजे यू+२००डी, सापडला की चाचणी नापास.

०.३.०ए१ टेस्टपायपीआयवर येईल, ‘--प्री’ (प्रसिद्धीपूर्व आवृत्तीही चालेल) लावून बसवावी लागेल. विंडोजवाल्यांनी ८, १२००० आणि ९४ हे तीन आकडे फाइलीत वळवून पाहावेत आणि उत्तराबरोबर पायथनची आवृत्ती कळवावी.