ग्रामसभेत कुणी, कधी आणि किती बोलायचं?

ऑक्टोबर लागला की आमच्या तासगाव तालुक्यात द्राक्षबागांच्या छाटणीची धांदल उडते. बायका सकाळीच डबा बांधून टोळीने बागेत जातात, हातमोजे घालून छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावतात. आणि गावाची २ ऑक्टोबरची ग्रामसभा सकाळी अकराला! सभेला बसायचं तर त्या दिवसाची हजेरी बुडणार. मग 'बायका सभेला येतच नाहीत' असं म्हणायला आपण मोकळे. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. हे वाक्य तेव्हाही ऐकवत नव्हतं, आजही ऐकवत नाही.

कायद्याने आपल्याला पुष्कळ दिलंय. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ७ वाचा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची आहे. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. पण आत बसलेल्या माणसाला बोलायची पाळी कशी मिळणार, हे गावानेच ठरवायचं असतं आणि तिथेच सगळं अडतं. माईक व्यासपीठावर, त्याची वायर तिथपर्यंतच पुरणारी. पुढच्या रांगेतली चार माणसं अर्धा-अर्धा तास बोलतात. लोकांचे प्रश्न 'आयत्या वेळच्या विषयां'त, म्हणजे अगदी शेवटी. तोवर दूध घालायची वेळ होते आणि निम्मी सभा उठून जाते.

आमची सभा देवळाच्या सभामंडपात भरते. चढायला सात पायऱ्या. गावातला एक मुलगा व्हीलचेअरवर असतो, तो खाली पारापाशी थांबतो. कर्ण्यातून त्याला सगळं ऐकू येतं, पण त्याचं म्हणणं वर कुणापर्यंत पोचत नाही. त्याच्या घरापुढची गटार हा त्या दिवशीचा विषय असला तरीही. जिल्हा परिषदेच्या शाळेला उतार केलेला आहे, पटांगण आहे. सभा तिथे घ्यायला एक रुपयाही लागत नाही.

म्हणून मी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी केली आहे. महिला सभा आदल्या दिवशी संध्याकाळी, वाडीवस्तीवर घ्यावी आणि तिचे ठराव ग्रामसभेत सगळ्यात आधी वाचावेत. ज्याला बोलायचंय त्याने दाराशी वहीत नाव लिहावं, लिहिता येत नसेल तर शिपायाने लिहून घ्यावं, आणि त्याच क्रमाने पुकारावं. प्रत्येकाला तीन मिनिटं. ही मर्यादा सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांना लागू. फक्त गावकऱ्यांपुरता घड्याळाचा काटा असेल तर तो नियम मला नको. एकदा बोललेल्याला दुसरी पाळी सगळे बोलून झाल्यावरच. माईक माणसाकडे न्यायचा, माणसाने माईककडे यायचं नाही.

वेळ आटोपली म्हणून कुणाचं राहिलं तर त्याने चिठ्ठी द्यावी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) ती वाचून दाखवावी आणि उत्तरासकट प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात घ्यावी. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. तोंडी उत्तराला पुढच्या सभेत कुणी जाब विचारू शकत नाही.

एकजण म्हणाले, एवढे नियम लावले तर सभा रटाळ होईल. होऊ दे की. आरडाओरडा होतो त्या सभेत मागच्या बाजूला पदर सावरून बसलेली बाई उठून उभीच राहत नाही. तिचं नाव पुकारलं तर ती राहील. मी सदस्य असताना महिला सभेत हे पाहिलंय. पाणीपट्टीपासून अंगणवाडीच्या गळक्या पत्र्यापर्यंत सगळं तिथे मुद्देसूद आलं होतं.

अर्जावर पन्नासेक सह्या झाल्यात. उरलेल्या वस्तीवरच्या सह्या छाटणी सुरू व्हायच्या आत घ्यायच्या आहेत. आपल्या गावात पाळी कशी लावतात, ते जरूर कळवा.