ओविडच्या सासुरवाडीची वाट

रोमच्या उत्तरेला साधारण 60-65 किलोमीटरवर असलेल्या चिविता कास्तेलाना या गावी मी गेलो तो ओविडच्या एका कवितेसाठी. इ. स. पू. 43 मध्ये जन्मलेल्या या रोमन कवीच्या ‘आमोरेस’ या प्रेमकवितांमध्ये, तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीकडे, चोरट्या भेटी आणि मत्सर मागे पडून अचानक जुनो या रोमन देवराणीचा उत्सव येतो. पत्नी फळबागांच्या या फालिस्की मुलखातली, म्हणून आपण येथे आलो, असे कवी पहिल्याच ओळीत सांगतो. म्हणजे तो सासुरवाडीच्या जत्रेला आला आहे.

फालिस्की लोकांचे जुने शहर फालेरी याच गावाच्या पठारावर होते. इ. स. पू. 241 मध्ये रोमने ते जिंकले आणि रहिवाशांना काही किलोमीटरवरच्या सपाटीवर नेऊन वसवले; देवीची पूजा मात्र जुन्या जागीच चालू राहिली. गावाखालच्या दरीत, चेल्ले येथे, ज्या मंदिराचे अवशेष आहेत ते जुनोचेच असावे, असे अभ्यासक मानतात. तांबूस, सच्छिद्र दगडाच्या बुटक्या ओळींवर शेवाळ चढले होते आणि खालून ओढ्याचा आवाज येत होता.

तेथेच बसून मी कविता पुन्हा वाचली. दाट राई, जुन्या हातांनी कलाकुसरीविना रचलेली वेदी, बळीसाठी आणलेल्या पांढऱ्या कालवडी. शेळी तेवढी देवीला नकोशी, कारण रानात लपलेल्या जुनोचा ठावठिकाणा तिनेच उघड केला होता. म्हणून मुले तिच्यावर भाले फेकतात आणि ज्याचा नेम लागेल त्याला ती बक्षीस मिळते. मग शुभ्र वस्त्रांतल्या मुली पूजेचे साहित्य डोक्यावर घेऊन ग्रीक रीतीने चालत येतात, जमाव स्तब्ध होतो, आणि पुजारिणींच्या मागोमाग स्वतः देवी येते.

पत्नीचा उल्लेख त्या पहिल्या ओळीनंतर पुन्हा नाही. तरीही मला ही त्या संग्रहातली सर्वांत जिव्हाळ्याची कविता वाटते. इतरत्र प्रेयसीकडे सतत काही मागणारा हा कवी येथे पत्नीच्या माहेरचा उत्सव शेळीच्या कथेसकट मन लावून पाहतो, आणि शेवटी देवीने आपल्यावर व तिच्या लोकांवर सदैव कृपा ठेवावी, एवढेच मागतो.

या देवळाकडे येणारी वाट चढउतारांची आणि अवघड आहे, असेही त्याने नोंदवले आहे. परतताना तो चढ चढायला मला तीनदा थांबावे लागले.