जत्रेचं नाटक वास्कोच्या काकांपर्यंत

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेत दोन रात्री संगीत नाटकं होतात. करणारे गावचेच. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी काजूच्या भाटातला, म्हणजे बागेतला. माझ्या काकांनी वीस-बावीस वर्षं त्यात भूमिका केल्या, पदं म्हटली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते वास्कोला मुलीकडे असतात आणि रात्रभर खुर्चीवर बसणं त्यांना जमत नाही. त्यांना नाटक दिसावं म्हणून मी लाइव्ह प्रक्षेपणाच्या कामात शिरलो.

गेल्या वर्षी मोबाइल तिपाईवर लावला होता. दुपारच्या चाचणीत सगळं छान दिसलं. रात्री मात्र नांदीलाच चित्र थिजलं. दुपारी देवळासमोर शंभरेक माणसं होती, रात्री सगळा पंचक्रोशीचा गाव लोटला आणि सगळ्यांचे फोन एकाच टॉवरला लागले. टॉवरची क्षमता वाटून जाते, हे तेव्हा ध्यानात आलं.

यंदा ठरवलं, घरच्या फायबर इंटरनेटवरूनच करायचं. सुरुवातीला माझ्याच संगणकावर सर्व्हर चालवला आणि तालमीच्या वेळी नातेवाइकांना दुवा पाठवला. सात-आठ जण येईपर्यंत ठीक, मग सगळ्यांचंच अडखळायला लागलं. हिशोब सरळ होता. माझं अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याचा वेग, २० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), एका प्रेक्षकाला जाणारं चित्र अडीच एमबीपीएसचं, आणि प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत. आठ जणांना दिलं की संपलं. डाउनलोड कितीही असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही. फायबरचं कनेक्शन घेताना अपलोडचा आकडा आधी विचारा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

एकच प्रत पाठवायची आणि वाटा फुटतील तिथे राउटरनेच तिच्या प्रती काढायच्या, ही मल्टिकास्टची कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली इंटरनेटसाठी तिचा प्रमाण मसुदा मांडला. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात ती वापरतात, पण सर्वांच्या इंटरनेटवर एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात ती सहसा जात नाही. तिथे चालतं ते वेगळंच: अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेलं एचएलएस आणि त्याच जातीच्या पद्धती. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि ते साध्या फाइलींसारखे ठेवायचे. फाइल म्हटली की ती कुठल्याही मधल्या सर्व्हरवर साठवता येते आणि तोच तुकडा हजार जणांना देता येतो. मला ही कल्पना फार आवडली. किंमत एवढीच, की प्लेअर दोन-तीन तुकडे हाताशी ठेवून सुरू होतो, त्यामुळे बघणारा अर्ध्या मिनिटापर्यंत मागे राहतो.

म्हणून यूट्यूब: मी एकच प्रत पाठवायची, तुकडे करून वाटायचं काम त्यांचं. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना फोन क्रमांकाची खातरजमा करावी लागते आणि परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, तेव्हा हे जत्रेच्या दिवशी करू नये. घरातून वर जाणारा प्रवाह आरटीएमपीने जातो. ही ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅशच्या काळातली पद्धत. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, ही मात्र वर पाठवण्याच्या कामाला टिकून आहे. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ७२०पी, २५०० केबीपीएस (म्हणजे तेच अडीच एमबीपीएस) आणि दर दोन सेकंदांना कीफ्रेम ठेवली. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र. मधल्या चौकटींत फक्त बदल नोंदलेले असतात, म्हणून तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू व्हावा लागतो.

घरापासून सभामंडप १४० मीटर. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून मध्ये पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, दुकानात एक स्विच आणि त्याला छोटा यूपीएस बसवला. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेली की स्विच आधी जातो.

सर्वांत जास्त वेळ आवाजाने खाल्ला. ध्वनिवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतली आणि तालमीचं प्रक्षेपण काकांना दाखवलं. लगेच फोन आला, "अरे, ऑर्गन खंय?" मिक्सरमध्ये फक्त नटांचे माइक होते. मंडपात बसलेल्यांना ऑर्गन आणि तबला तसाच ऐकू येतो, त्यामुळे त्यांना कुणी माइक लावलेलाच नव्हता. बाहेरगावच्या माणसाला मात्र साथीशिवाय पद ऐकू जात होतं. मग दोन माइक फक्त प्रक्षेपणासाठी जोडले. संगीत नाटकात चित्र जरा पातळ झालं तरी चालतं, सूर तुटलेला चालत नाही. आवाजाला १६० केबीपीएस लागतात, चित्राच्या मानाने ते काहीच नाही. तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

नाटकाच्या रात्री दुसऱ्या अंकात ओबीएसमधला हिरवा ठिपका लाल झाला. जाळं तुंबलं की चित्राचा दर आपोआप खाली आणण्याची सोय चालू ठेवली होती, म्हणून चित्र धूसर झालं तरी पद अखंड गेलं. घरी आईला फोन केला. भाचा झोपला होता आणि त्याचा फोन घरच्या वायफायवरून दिवसभराचे जत्रेचे फोटो वर चढवत होता. आईने त्या फोनचं वायफाय बंद केलं, दोन मिनिटांत ठिपका हिरवा झाला. त्या वेळी १४३ जण बघत होते, बहरीनपासून ठाण्यापर्यंत. माझ्या घरातून मात्र एकच प्रत जात होती.

पहाटे चारला भैरवी झाली, पडदा पडला, मंडपात टाळ्या झाल्या. मी वायरी गुंडाळायला वाकलो तेवढ्यात फोन वाजला. काकांच्याकडे तेव्हा कुठे टाळ्या चालू होत्या, फोनमधून मला त्या दुसऱ्यांदा ऐकू आल्या. "पदां सगळीं आयकलीं रे," ते म्हणाले. आवाज भरून आला होता. मग घसा साफ करून म्हणाले, "उद्याच्या नाटकाक तबल्याचो माइक मात्शे पयस दवर." म्हणजे जरा लांब ठेव.