ढालीतली अक्षरं

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जुन्या गावांच्या दफनभूमींत, देवदूत आणि कलश कोरलेल्या ऐसपैस स्मारकांच्या गर्दीत एखादी बुटकी पांढरी शिळा हमखास सापडते. माथा किंचित गोलसर, दर्शनी बाजूला खोलगट ढाल आणि ढालीत उठावाची अक्षरं : नाव, कंपनी, रेजिमेंट. जन्म-मृत्यूच्या तारखा बहुतेकदा नाहीतच. १८६१ ते १८६५ च्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकाची ही सरकारी शिळा.

ती दिसली की माणूस रणात पडला असं धरून चालतात. तसं असेलच असं नाही. १८७३ मध्ये हा नमुना राष्ट्रीय दफनभूमींसाठी ठरला : ४ इंच जाड, १० इंच रुंद, जमिनीवर जेमतेम १२ इंच. १८७९ च्या कायद्याने खासगी दफनभूमींतल्या बिनखुणेच्या कबरींनाही तो मिळू लागला. त्यामुळे युद्धानंतर पंचवीस वर्षं शेती करून घरच्या खाटेवर गेलेल्याच्या उशाशीही हीच ढाल. सोबत टेप असेल तर रुंदी मोजावी. १२ इंच भरली तर शिळा बहुधा १९०३ नंतरची, कारण त्या वर्षी माप वाढलं. दक्षिणेच्या सैनिकांच्या शिळेला टोकदार माथा, ढाल नाही. उत्तरेकडच्यांनी वर बसू नये म्हणून माथा टोकदार केला, ही आपली गावगप्प.

'सीओ' ही अक्षरं पाहून कुणी त्याला कमांडिंग ऑफिसर करू नये. ती 'कंपनी'ची आद्याक्षरं. पुढचं अक्षर पायदळात ए पासून के पर्यंत, पण मधला 'जे' नाही. हाताने लिहिलेल्या कागदात तो 'आय'सारखा दिसे, म्हणून वगळला. 'यूएससीटी' असेल तर कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण.

एवढा तुटपुंजा मजकूर, आणि तोही उठावाचा. शिळा संगमरवराची, आणि संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच. आम्लयुक्त पावसाने तो विरघळतो, वरचा थर रवाळ होतो आणि बोट फिरवलं तरी साखरेसारखे कण हाताला येतात. त्यावर काळी-केशरी बुरशीची पुटं. ही आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची चुलत भावंडं. मग एखादा उत्साही माणूस ब्लीच आणि तारेचा ब्रश घेऊन येतो. शिळा दोन दिवस लख्ख दिसते. ब्लीचमधले क्षार मात्र दगडाच्या छिद्रांत बसतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि उरलासुरला पृष्ठभाग आतून उकलतो. आपल्याकडे वीरगळाला ऑइलपेंट फासणाऱ्यांचेच हे सख्खे भाऊ, हेतू अगदी शुद्ध.

करायचंच असेल तर आधी परवानगी. शिळा डुलत असेल किंवा कण सुटत असतील तर हातच लावू नये. नाहीतर भरपूर साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, आणि खालून वर घासत जायचं; वरून सुरुवात केली की मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर डाग पाडतात. दगड शेवटपर्यंत ओला ठेवायचा. थंडीत गोठण्याची शक्यता असेल त्या दिवशी काम बंद, कारण आत मुरलेलं पाणी बर्फ होऊन दगड फोडतं. प्रेशर वॉशरचं नावही नको.

कललेली शिळा सरळ करताना काँक्रीट ओतणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. काँक्रीट संगमरवरापेक्षा कडक. धक्का बसला की शिळा नेमकी त्या रेषेवर मोडते. खाली खडी, भोवती वाळू-माती ठोकून बसवली की पाणी निचरतं आणि दगडाला थोडं हलायला जागा राहते.

अक्षरं वाचण्यासाठी खडू किंवा शेव्हिंग क्रीम चोळायची काहीच गरज नाही. मोठा आरसा घ्यावा, ऊन पकडावं आणि एका बाजूने तिरपं सोडावं. झिजलेल्या कडांना सावली धरते आणि मघापर्यंत कोरी वाटणाऱ्या ढालीतून नाव वर येतं. फोटो तेवढ्यात काढून घ्यावा, आरसा धरणाऱ्याचे हात लवकर भरून येतात.