पीएसपीचं फर्मवेअर आणि बॅटरीचा हट्ट

जुन्या पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेम मशीनवर, कस्टम फर्मवेअर (सोनीच्या मूळ सिस्टिमऐवजी हौशी लोकांनी बदललेली सिस्टिम) टाकायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "ब्रिक तर होणार नाही ना?" अहो, ब्रिक व्हायलाही, म्हणजे मशीनची निर्जीव वीट व्हायलाही, आधी अपडेट सुरू व्हावा लागतो. माझा तो सुरूच होत नव्हता. म्हणून हे लिहितेय. कोणाला करायचं असेल तर मेमरी कार्ड, केबल, फाइली सगळं नंतर. आधी बॅटरी बघा.

माझ्याकडचा पीएसपी-३००० मूळचा मावसभावाचा. त्याचा यूएमडी (गेमच्या छोट्या चकत्या) चालवणारा ड्राइव्ह आता कुरकुरतो, गेम लोड होता होता मधेच थांबतो. विकत घेतलेल्या चकत्या मेमरी कार्डावर उतरवून ठेवाव्यात तर मूळ फर्मवेअर ते करू देत नाही. कस्टम फर्मवेअर असलं की यूएसबी जोडून यूएमडी थेट कॉम्प्युटरवर फाइलसारखी दिसते, कॉपी करा आणि मोकळे व्हा. शिवाय मी पोटापाण्यासाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. ३३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅममध्ये आपला कोड कसा पळतो हे बघायची खाज होतीच.

मशीनवर ६.२० होतं. मला हवं होतं एआरके-४ नावाचं कस्टम फर्मवेअर, आणि ते ६.६० किंवा ६.६१ वर चालतं. ६.६१ हे सोनीचं पीएसपीसाठीचं शेवटचं फर्मवेअर, २०१५ चं. म्हणजे आधी सोनीचा अधिकृत अपडेट, मग आपलं काम. फाइल मिळवली, नाव ईबूट डॉट पीबीपी ठेवलं, पीएसपी फोल्डरमधल्या गेम फोल्डरात अपडेट नावाचं फोल्डर करून त्यात टाकली. फोल्डरांची नावं कॅपिटलमध्येच ठेवा. इथवर काही अडलं नाही.

आणि मग अपडेटरने सांगितलं, बॅटरीत पुरेसा चार्ज नाही.

अट अशी की अ‍ॅडॉप्टर लावलेला हवा आणि शिवाय बॅटरीही भरलेली हवी. नुसता अ‍ॅडॉप्टर चालत नाही. बॅटरी काढून ठेवली तरी पीएसपी अ‍ॅडॉप्टरवर मस्त चालतो, गेम खेळता येतो, गाणी ऐकता येतात, फक्त अपडेट होत नाही. अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. फर्मवेअर आतल्या फ्लॅशमध्ये लिहिलं जात असताना वीज गेली तर हातात ठोकळाच उरतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल हे महावितरणलाही ठाऊक नसतं. पण ही अट घालणाऱ्यांनी आपली बॅटरी पंधरा वर्षांनी कशी दिसेल याचा विचार केला नव्हता.

माझी मूळ बॅटरी फुगली होती. इतकी की मागचं झाकण आपोआप उचललं गेलं होतं. ती तशीच रेटून चार्ज करायला जाऊ नका, टोचून वगैरे तर अजिबात बघू नका.

यातली गंमत जाणकारांना कळेल. २००७ मध्ये याच बॅटरीने पीएसपीची दारं उघडली होती. बॅटरीच्या आतल्या चिपमध्ये एक सिरियल नंबर असतो. तो सगळा एफ-एफ-एफ करून टाकला की पीएसपीला वाटायचं आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत, आणि तो स्वतःचं फर्मवेअर सोडून मेमरी स्टिकवरून, म्हणजे मेमरी कार्डावरून, सुरू व्हायचा. यालाच पँडोरा बॅटरी म्हणत. ब्रिक झालेले कितीतरी पीएसपी तिने उठवले. पुढे सोनीने मशीन सुरू होतानाचा अगदी पहिला भाग बदलला आणि ३००० मॉडेलवर ही युक्ती चालेनाशी झाली. म्हणजे माझ्याकडे किल्लीही नाही आणि दारावरचा रखवालदार मात्र तोच.

पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारत फिरले. "ताई, हे आता येत नाही," हे वाक्य मला पाठ झालं. एका काउंटरवर मिळाली, पण ती पीएसपी-१००० ची जाड बॅटरी, १८०० एमएएचची. ३००० ला १२०० वाली पातळ लागते. कनेक्टर बसतो, पण झाकण लागत नाही. "टेप लावा ना," असं तो म्हणाला. टेप लावून मी रिमोट चालवते, फर्मवेअर फ्लॅश करत नाही.

शेवटी ऑनलाइन मागवली. लेबलावर सोनीचं नाव होतं, स्पेलिंगही बरोबर होतं, किंमत मात्र सोनीची नव्हती. बसवली, चार्जला लावली. केशरी दिवा लागला, काही तासांनी विझला. दिवा विझला म्हणजे चार्ज पूर्ण. सिस्टिम सेटिंग्जमध्ये बॅटरी इन्फर्मेशन उघडलं तर २७ टक्के. काढून परत लावली, २७. रात्रभर ठेवली, २७. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की प्रॉडक्ट वर्किंग कंडिशनमध्ये आहे, पूर्ण चार्ज करून बघा. तेच तर करतेय बाबा! परत घेण्याची मुदतही या पत्रव्यवहारातच संपली.

मग वैतागून मी स्वतःच आत डोकावायचं ठरवलं, आणि सगळ्या प्रकारात मजा आली ती इथेच. पीएसपीसाठी जगभरच्या हौशी लोकांनी सांभाळलेली पीएसपीडेव्ह नावाची टूलचेन (प्रोग्रॅम बनवायच्या साधनांचा संच) आहे, मोफत. लिनक्सवर ती चढवली. पॉवर लायब्ररीत बॅटरीचे टक्के, व्होल्टेज आणि तापमान विचारायची तयार फंक्शनं आहेत. पाच-पन्नास ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, बिल्ड करताना त्यावर डिजिटल सही करून घेतली, म्हणजे मूळ फर्मवेअरही तो चालू देतं. डीबग स्क्रीनचा फॉन्ट फक्त इंग्रजी, त्यामुळे मराठीत लेबलं लिहायची हौस राहून गेली.

स्क्रीनवर आलं: २७ टक्के, ४१३० मिलिव्होल्ट.

झालं, उलगडा झाला. लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे सेल भरलेला होता, टक्के मोजणारी चिप भलतंच सांगत होती, आणि अपडेटर चिपवर विश्वास ठेवून बसला होता. पोटात अन्न आहे, पण शिधापत्रिकेवर नोंद नाही म्हणून उपाशी ठरवावं, तसं.

अशा चिपला एकदा पूर्ण रिकामं आणि पूर्ण भरलेलं दाखवावं लागतं, म्हणजे तिचा हिशेब जागेवर येतो. अडचण अशी की पीएसपी जरा वेळ हात लावला नाही की झोपी जातो. त्यावर पॉवर-टिक नावाचं एक फंक्शन आहे. ते दर फ्रेमला बोलावलं की मशीनला वाटतं कोणीतरी बटणं दाबतंय. तेवढी एक ओळ वाढवली, वायफायचा स्विच चालू केला, आणि पीएसपी टेबलावर ठेवून व्होल्टेज उतरताना बघत बसले. टक्के २७ वर ढिम्म, व्होल्ट मात्र ३.९, ३.८, ३.७ असे शहाण्यासारखे खाली. मग एकदम सगळं काळं. लगेच अ‍ॅडॉप्टर लावला आणि दिवा विझेपर्यंत हात लावला नाही. एका फेरीत आकडा हलला, पण पुरेसा नाही. पुन्हा तेच केलं आणि टक्के नव्वदीत गेले. अपडेटरने यावेळी निमूटपणे पुढे जाऊ दिलं. पट्टी सरकत होती तेव्हा मी घरात कोणाला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही.

एआरके-४ चं सांगण्यासारखं फारसं नाही. एक फोल्डर सेव्हडेटा फोल्डरात, ते सुरू करून देणारा लोडर गेम फोल्डरात, लोडर चालवा, झालं. पण ३००० वर हे तात्पुरतं असतं. पूर्ण बंद करून परत चालू केलं की लोडर पुन्हा चालवावा लागतो. कायमचं करायला मी इन्फिनिटी नावाचा प्रोग्रॅम वापरला, आणि त्यासाठी बदललेलं ६.६१ पुन्हा एकदा फ्लॅश करावं लागतं. म्हणजे बॅटरीची तपासणी पुन्हा! मी ते त्याच बैठकीत उरकून घेतलं, कारण त्या चिपचा मूड दुसऱ्या दिवशी कसा असेल याची खात्री नव्हती. तुम्हीही टक्के चढलेले असतानाच दोन्ही कामं करून घ्या.

आधी सांगायचं राहिलं ते मेमरी कार्डाचं. मेमरी स्टिक प्रो ड्युओ आता शोधत बसू नका, बाजारात नकलीच जास्त. मायक्रोएसडी बसवायचा अ‍ॅडॉप्टर घ्या, एका स्लॉटचा. दोन स्लॉटवाल्यात डेटा दोन्ही कार्डांवर विभागून जातो, एक कार्ड गेलं की सगळं गेलं. फॉरमॅट पीएसपीतच करा. आणि केबल मिनी-यूएसबी लागते, मायक्रो नव्हे. घरातल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या डब्यात बघा, तिथे सापडेल.

यापुढे सोनीचा नवा अपडेट येणार नाही. एआरके-४ च्या नव्या आवृत्त्या मात्र येत राहतात. नव्या फाइली जुन्यांवर टाकून लोडर चालवायचा, फ्लॅश नाही, बॅटरीची परीक्षा नाही. प्लगिन (फर्मवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वापरत असाल तर सेप्लगिन्स फोल्डरातली यादीची फाइल आधी बाजूला कॉपी करून ठेवा. फुगलेली जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आणि तो व्होल्ट दाखवणारा प्रोग्रॅम मी अजून काढलेला नाही, नवी बॅटरी घेतली की तोच पहिला चालवते.