लेक फोर्कवर गरवायला

शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, टेक्ससमधल्या प्लेनोहून निघालो. गाडीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर आमची बोट. ॲल्युमिनियमची, १७ फुटी, आधी कुणीतरी वापरलेली, पण माझ्या नावावरची पहिली. शेजारच्या सीटवर ११ वर्षांचा मुलगा अर्धवट झोपेत, मांडीवर थालीपिठांचा डबा. आय-३० ने ग्रीनव्हिल, तिथून ६९ नंबरच्या रस्त्याने लोन ओक, पॉइंट, एमरी. एमरीच्या पुढे दोन्ही बाजूंना पाइन आणि ओक दाट व्हायला लागतात आणि डॅलसची सपाट जमीन मागे पडते. दीड-पावणेदोन तासांत आल्बा आलं आणि त्याच्या पलीकडे अंधारात पाणी दिसायला लागलं.

लेक फोर्क हे सबाइन नदीच्या एका उपनदीवरचं धरण आहे. १९८० साली बांध पूर्ण झाला, पाण्याखाली सुमारे २७,००० एकर जमीन गेली. इथली खरी गोष्ट म्हणजे धरण भरताना खोऱ्यातलं जंगल बरंचसं तसंच उभं ठेवलं आणि पाणी चढायच्या आधीच फ्लोरिडा जातीचा लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा सोडला. झाडं बुडाली, मासा वाढला. टेक्ससचा आजवरचा सगळ्यात मोठा लार्जमाउथ याच पाण्यातला, जानेवारी १९९२ मधला, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलो. धरणाचा मुद्दाम बास वाढवण्यासाठी इतका विचार झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

माझं गरवणं मालवणकडच्या कालावलच्या खाडीवरचं. आजोळ मसुऱ्याला. मे महिन्याच्या सुट्टीत मामाबरोबर कांदळवनाच्या कडेला होडीत बसायचं, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा बोटावर, टोकाला शिसं, गरीला म्हणजे गळाच्या आकड्याला सुंगट, म्हणजे कोळंबी. रॉड नाही, रीळ नाही. तांबोशी मासळी लागली की बोटाला कळायचं. मामा एकच गोष्ट सांगायचा, "आधी मासो बोलतलो, मगे तू." या भरवशावर मी बोट घेतली होती.

बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर आमच्या आधी सहा गाड्या होत्या. ट्रेलर मागे घेणं मी तीन आठवडे एका रिकाम्या पार्किंगमध्ये शिकलो होतो. एक युक्ती सगळ्यांना सांगावीशी वाटते: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. मग ज्या बाजूला हात जातो त्याच बाजूला ट्रेलर जातो, डोक्यात उलटसुलट करावं लागत नाही. पाण्यात जाण्याआधी तळाचा बूच बसवला आहे का ते मी दोनदा हाताने चाचपलं. मुलाचं लाइफ जॅकेट बांधलं. टेक्ससमध्ये एवढ्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलाला ते घालावंच लागतं, पण कायदा नसता तरी घातलं असतं. इंजिन बंद करणारी दोरी स्वतःला अडकवली. माणूस बोटीतून पडला तर ती निसटते आणि इंजिन थांबतं.

शनिवार पूर्ण कोरडा गेला. त्याचं कारण बोट. हाताशी इंजिन असलं की पलीकडचा काठ नेहमी जास्त चांगला दिसतो. बोयांनी आखलेल्या वाटेतून आम्ही १५४ नंबरच्या पुलाखालून गेलो, परत आलो, पाच खाड्या पालथ्या घातल्या. वाटेबाहेर पडलं की इंजिन अगदी हळू ठेवावं लागतं, कारण पाण्याच्या वर दिसणाऱ्या खोडांपेक्षा चार बोटं खाली दडलेली जास्त आहेत. दोनदा तळाला लाकूड घासल्याचा आवाज आला आणि पोटात गोळा आला. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं गळ टाकायचा, मग पुढे. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आपण आज मासे पकडत होतो की फिरत होतो?" बरोबर विचारलं त्याने. रात्री आल्बाजवळच्या केबिनमध्ये मला बराच वेळ झोप लागली नाही.

रविवारसाठी एक स्थानिक गाइड ठरवला होता. पासष्टीचा माणूस, शांत. त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, की स्वतःची बोट आणणार नाही, तुमच्याच बोटीत बसेन, शिकायचं आहे ते तुमच्या बोटीवर. रॅम्पपासून पाच मिनिटांच्या खाडीत त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाला, "आज सकाळी इथून हलायचं नाही."

पहिला धडा वाऱ्याचा. पुढच्या टोकाला बसवलेली इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर पायाने चालवायची असते. काल मी वाऱ्याबरोबर वाहत झाडांवर जात होतो आणि गळ पडेपर्यंत बोट मासळीच्या डोक्यावर. त्याने नाक वाऱ्याकडे करायला लावलं. मग मोटर हळू ठेवून बोट जवळजवळ उभी राहते, पाय हलका दाबला तर पुढे, सोडला तर वारा आपोआप मागे नेतो. अर्धा तास फक्त एवढंच केलं, गळ न टाकता.

मग रीळ. बेटकास्टिंगच्या रिळात फेकताना फिरकी स्वतः फिरते, आणि आमिष हळू झालं तरी फिरकी पळत राहिली की दोऱ्याचं घरटं होतं. काल माझी तशी चार-पाच घरटी झाली होती. गाइडने रिळाच्या बाजूची गोल घुंडी आवळली, आमिष लोंबकळतं सोडलं. ते सावकाश खाली आलं, डेकला टेकलं आणि त्याच क्षणी फिरकी थांबली. "हे एवढं जुळव, बाकीचं तुझा अंगठा करेल." आमिष पाण्याला लागायच्या आधी अंगठा फिरकीवर टेकवायचा. घट्ट नाही, झोपलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवावा तसा. माझ्या हाताला हे दहाव्या-बाराव्या फेकीत जमलं.

आणि मग टेक्सस रिग, जिच्यासाठी मी इथपर्यंत आलो असं आता वाटतं. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं सात ग्रॅमचं शिसं दोऱ्यात ओवलेलं, खाली वाकड्या मानेची गरी, तिच्यावर सात इंची प्लास्टिकचं गांडूळ. गरीचं टोक गांडुळाच्या डोक्यातून आत घालून बाहेर काढायचं, फिरवायचं आणि पुन्हा गांडुळाच्याच अंगात लपवायचं. टोक बाहेर नाही, म्हणून लाकडात अडकत नाही. बुडालेल्या जंगलात मासा शोधायचा तर आमिष फांद्यांमधून सरपटत गेलं पाहिजे, त्यासाठी ही रचना. मी तिघांच्याही रॉडसाठी बांधली. तिसरी बांधताना बोटांना वाट सापडली होती.

"आता ऐक," गाइड म्हणाला. गांडूळ खोडाच्या बुडाशी सोडलं की दोरा थोडा सैल ठेवायचा. बहुतेक वेळा बास ते पडतानाच घेतो. तो ओढत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत घेतो आणि खोटं वाटलं की लगेच थुंकतो. म्हणून बोटांआधी डोळ्यांना कळलं पाहिजे. पाण्याला दोरा जिथे टेकतो तिथे बघत राहायचं. तिथे टिचकी मारल्यासारखा दोरा उडाला, किंवा उगाच बाजूला सरकायला लागला, की सैल दोरा गुंडाळायचा आणि रॉड जोरात वर.

मामाचं वाक्य इथे अर्धंच लागू पडतं. मासा बोलतो हे खरं, पण इथे उत्तर द्यायला क्षणभरच असतो.

लाकडाचा स्पर्श आणि माशाचा स्पर्श यातला फरक शिकायला दोन तास गेले. खोडावरून शिसं उतरतं तेव्हा रॉडमध्ये टक्, मग सरपट, मग टक्. जड, मुका. दहाच्या सुमारास टक् झालं आणि त्याच्यामागे काहीच नाही. सरपट नाही, वजन नाही, जणू टोकाला काही बांधलेलंच नाही. मला कळायच्या आत मुलगा ओरडला, "बाबा, दोरा चाललाय!" दोरा खरंच डावीकडे, खोडापासून लांब निघाला होता. गुंडाळला, रॉड वर मारला, आणि दुसऱ्या टोकाला जिवंत वजन आलं. ते आधी खाली गेलं, मग पाणी फुटलं आणि मासा अख्खा बाहेर येऊन डोकं झटकून गेला. गाइड फक्त एवढंच म्हणत होता, "टोक खाली. दोरा ताणलेला."

हात ओला करून मी त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरला. आतून कानशीसारखा खरखरीत. वर हिरवा, बाजूला काळ्या ठिपक्यांचा पट्टा, पोट फिकं. जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो, म्हणून हा लार्जमाउथ. दुसऱ्या हाताने पोट पेललं, कारण नुसत्या ओठावर वजन टाकलं तर जबड्याला इजा होते. शेपटीची खालची कड झिजून लालसर झाली होती. गाइड म्हणाला, मादी आहे, अंडी घालण्याचे हे दिवस. पाणी १८ अंश होतं.

मापाच्या फळीवर १९ इंच भरली. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांचा बास लगेच सोडावाच लागतो. दिवसाला पाच ठेवता येतात, त्यातला २४ इंच किंवा वरचा एकच. मधल्या मापाचे मासे जगले तरच मोठे होतात, इतका साधा हिशेब. आमच्या मातीत वाढलेल्या माणसाला हातातली तांबोशी पाण्यात सोडायची कल्पनाच करवत नाही, पण ही सोडताना मला मनापासून बरं वाटलं. मुलाने तिला पाण्यात धरलं. ती दोन श्वास तशीच थांबली आणि मग त्याच्या हातातून गेली.

दुपारपर्यंत आणखी तीन मिळाल्या, एक मुलाची. रॅम्पवर बूच काढून बोटीतलं सगळं पाणी सांडलं, मासळीच्या टाकीतलंसुद्धा. इथे ते बंधनकारक आहे. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओंजळभर पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात. आपल्याकडे जलपर्णीने नद्यांचं काय केलं ते पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रेलरच्या चाकांत अडकलेलं गवतही आम्ही दोघांनी मिळून काढलं.

रात्री मामाला व्हिडिओ पाठवला. तिकडे सकाळ होती, लगेच फोन आला. मासा सोडला याबद्दल तो काही बोलला नाही. विचारलं, "भरती होती काय सुकती?" मी सांगितलं, हे धरण आहे, इथे भरती नसते, पाणी वारा हलवतो.

"खयचो वारो?"

"दक्षिणेचो."

"मगे उत्तरेच्या काठार जा. खाणा थयच जमतला."

आम्ही दोन्ही दिवस दक्षिणेच्या आडोशाला होतो. पुढच्या शनिवारी उत्तरेचा काठ.